क्रॉफर्ड मार्केट: इमारत वाचवायची तर बाजारही वाचवायला हवा

बोरीबंदर

क्रॉफर्ड मार्केटला मुंबईकर जातोच. सुकामेवा, केकचं सामान, लग्नाच्या रुखवताच्या टोपल्या, मोसमात आंबा. पण तिथे आपली नजर गाळ्यावर असते, नाहीतर पाकिटावर. इमारत बघायची राहून जाते. म्हणून हा धागा. माझं एक म्हणणंही आहे, ते आधीच सांगतो: ही वास्तू पहिल्या श्रेणीची वारसा इमारत आहे, पण संरक्षण मिळालंय ते दगडाला आणि लोखंडाला. आतल्या बाजाराला नाही. आणि ही इमारत बाजाराशिवाय समजूच शकत नाही.

काळ आधी डोळ्यासमोर आणा. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी चालली होती. इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसा नुसता वाहत होता. गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी किल्ल्याची तटबंदी पाडायला घेतली. 1865 च्या कायद्याने म्युनिसिपल कमिशनर हे पद आलं आणि त्यावर पहिला बसला आर्थर क्रॉफर्ड. शहरात पटकी होती, उघडी गटारं होती, भाजी आणि मटण रस्त्याकडेला विकलं जात होतं. हे सगळं एका छताखाली, धुता येईल अशा फरशीवर आणायचं, हा मंडईमागचा मूळ विचार. जागा निवडली ती किल्ल्यासमोरचं मोकळं मैदान संपून देशी वस्ती सुरू होते तिथली. इमारत पूर्ण झाली 1869 मध्ये.

वास्तुविशारद होता विल्यम इमर्सन. जन्म 1843 चा, म्हणजे मंडई उभी राहिली तेव्हा गडी जेमतेम सव्वीस वर्षांचा! लंडनच्या विल्यम बर्जेस यांचा तो शिष्य. बर्जेस यांनी जे. जे. कलाशाळेसाठी केलेले आराखडे घेऊन तो मुंबईला आला. ते आराखडे काही प्रत्यक्षात आले नाहीत, पण इमर्सनला हे काम मिळालं. पुढे अलाहाबादचं ऑल सेंट्स कॅथेड्रल त्याचं, भावनगरचं तख्तसिंहजी रुग्णालय त्याचं, आणि कलकत्त्याचं व्हिक्टोरिया मेमोरियलही त्याचंच. मला स्वतःला त्या संगमरवरी मेमोरियलपेक्षा आपली मंडई सरस वाटते. मेमोरियलला लोकांनी थक्क व्हावं एवढंच काम आहे. मंडईला रोज काम करावं लागतं.

आता रचना. कोपऱ्यावर मधला चौक, त्यावर 128 फूट उंच घड्याळाचा मनोरा. चौकातून दोन पाखे, म्हणजे इमारतीचे दोन लांब हात, निघतात. उजवीकडचा 150 फूट लांब आणि 100 फूट रुंद, फळं आणि फुलांसाठी. डावीकडचा 350 फूट लांब, रुंदी तेवढीच, भाजीपाला आणि मसाल्यांसाठी. सगळ्यावर लोखंडी सांगाड्याचं दुहेरी छत. बाहेरून दगडाचा युरोपीय थाट, नॉर्मन आणि फ्लेमिश धाटणीचं मिश्रण. आत मात्र निव्वळ लोखंडी मांडव. भिंत कुर्ल्याच्या पिवळसर करड्या दगडाची, तिला वसईकडच्या तांबड्या दगडाची जोड. कमानींवरचे हे दोन रंग नीट पाहिलं तर वेगळे ओळखू येतात.

प्रवेशाच्या कमानींवरचे कोरीव फलक जॉन लॉकवुड किपलिंगचे. 1865 मध्ये तो जे. जे. मध्ये वास्तुशिल्प शिकवायला आला. शाळा रस्त्यापलीकडेच. त्याने दारावर राजाराणी किंवा देवदूत बसवले नाहीत, इथला शेतकरी बसवला. ज्याचा माल आत विकला जातो तोच दारावर. मंडईच्या दारावर याहून योग्य काय असू शकलं असतं? आतलं कारंजं इमर्सनच्या आराखड्याचं, त्यावरची शिल्पं किपलिंगची, आणि दाता म्हणून नाव येतं ते कावसजी जहांगीर यांचं.

बाकी जाणकारांनी भर घालावी.

गिरगावची_गौरी

सुंदर धागा! शाळेत असल्यापासून जातेय, कमानीवर शेतकरी आहेत हे आज कळलं. आम्ही आपले आत शिरण्याच्या घाईत.

दिव्यांबद्दल लिहायचं राहिलं. 1882 मध्ये या मंडईत विजेचे दिवे लागले होते, भारतात विजेने उजळलेल्या पहिल्या इमारतींपैकी ही एक. ज्या कंपनीने ते काम घेतलं ती पुढच्याच वर्षी बुडाली, आणि मंडई परत गॅसच्या दिव्यांवर आली.

चुनेगच्ची

बोरीबंदर, मी जुन्या दगडी इमारतींच्या दुरुस्तीच्या कामावर असतो. (या मंडईच्या कामावर नव्हतो, तेव्हा लिहितोय ते अशा इमारतींच्या सर्वसाधारण अनुभवावरून.) दोन गोष्टी सांगतो.

पहिली, चुना. त्या काळच्या दगडी भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुना दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो, आणि तो तसाच असायला हवा. मुंबईच्या पावसाळ्यात भिंत पाणी पिते. हे पाणी बाहेर पडायला वाट लागते, ती वाट म्हणजे चुन्याच्या दरजा, दगडांमधले सांधे. पाणी जाता येता क्षार आणतं, आणि झिजायचं झालं तर दरज झिजते, दगड शाबूत राहतो. काही वर्षांनी दरजा खरवडून पुन्हा भरायच्या, झालं. पण मधल्या काळात सगळीकडे सिमेंट आलं. सिमेंटच्या दरजेतून पाणी जात नाही, मग ते दगडातूनच वाट काढतं. क्षार दगडाच्या पृष्ठभागामागे साचतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. दरज ताठ उभी आणि दगड आत गेलेला, असं दृश्य जुन्या मुंबईत कितीतरी ठिकाणी दिसेल. दिसलं की समजायचं, इथे सिमेंट वापरलंय.

आमच्या गावच्या देवळाच्या ओवऱ्यांचं असंच झालं. एका ठेकेदाराने भक्कम करून देतो म्हणून सगळ्या दरजा सिमेंटने भरल्या. आता दगड बोटाने खरवडला तरी भुगा निघतो. ते सिमेंट काढायचं म्हणजे छिन्नी हलक्या हाताने चालवत एकेक दरज मोकळी करायची. यंत्र लावलं की दगडाची कड तुटते. भरायला चुना लागतो तो पोत्यातून लगेच ओतायचा नसतो. कळी, म्हणजे भाजलेला चुना, पाण्यात विझवून मुरू द्यायची, मग वाळू किंवा विटकर (विटांचा चुरा) घालून घाणीत मळायची. आपल्याकडचे जुने गवंडी त्यात गूळ, हिरडा, बेलफळाचं पाणी घालत. त्याने चुना चिकट होतो, सावकाश सुकतो, भेगा कमी पडतात. हे हातात असलेले गवंडी आता शोधावे लागतात.

दुसरी गोष्ट लोखंड. या काळातल्या मांडवांत बहुधा खांब बिडाचे (ओतीव लोखंडाचे) आणि वरचे ताण घेणारे गज घडीव लोखंडाचे असतात. बीड दाबाला पक्कं, पण ओढलं की तडकतं. खांबाला कुणी वेल्डिंग करून पत्रा टांगला की मला धडकी भरते. बाजारात तर रोज फरशी धुतली जाते आणि खांबाचा पाय सतत ओला असतो. बघायला गेलात तर आधी तिथे बघा.

बोरीबंदर

चुनेगच्ची, हे वाचायलाच धागा काढला होता असं म्हणतो. फरशीचं तुमच्याकडून ऐकायचं आहे. जुन्या वर्णनांत फरशी स्कॉटलंडच्या केथनेसहून आणल्याचं आहे. कुर्ल्याचा दगड हाताशी असताना फरशी एवढ्या लांबून का?

चुनेगच्ची

केथनेसचा दगड थराथरांचा असतो. पातळ, सपाट लाद्या सहज निघतात, आणि तो पाणी जवळजवळ पीत नाही. मासळीचं पाणी, सडकी पानं, फळांचा रस, काहीही सांडलं तरी धुऊन निघतं. कुर्ल्याचा दगड कोरायला छान, पण पायाखाली आणि ओलाव्यात झिजेल. भिंतीला एक आणि पायाखाली दुसरा, ही निवड विचार करूनच झालीय. आणि कुर्ल्याच्या त्या खाणी आता शहराखाली गेल्या. दगड बदलायची वेळ आली तर जुळणारा मिळवणं हीच पहिली लढाई.

काळाघोडा

इमारतीचं झालं, आता क्रॉफर्डचं. हा मनुष्य आपल्या इतिहासात दोनदा येतो, आणि दुसऱ्यांदा फार वेगळ्या कारणाने.

पहिला क्रॉफर्ड कामाचा झपाटा असलेला. रस्ते, गटारं, बाजार, सगळं एकदम. पण पैसा असा खर्च केला की पालिका कर्जात बुडाली आणि करदाते खवळले. 1871 मध्ये यावरून शहरात मोठं रण माजलं. तरुण फिरोजशहा मेहतांनी त्या वादात क्रॉफर्डच्या कारभाराची बाजू घेतली, आणि त्याच वेळी दुखणं मुळात हे आहे की पालिकेत लोकांचे निवडून दिलेले प्रतिनिधी नाहीत, असंही मांडलं. क्रॉफर्डला जावं लागलं. 1872 च्या कायद्याने निवडून आलेले सदस्य पालिकेत आले. मुंबईच्या लोकनियुक्त पालिकेच्या जन्मामागे जी खर्चाची भांडणं होती, त्यात ही मंडई बांधणाऱ्या माणसाचा कारभार होता.

दुसरा क्रॉफर्ड पुण्याचा. मध्य विभागाचा कमिशनर झाल्यावर त्याच्यावर मामलेदारांकडून बदली आणि बढतीसाठी पैसे खाल्ल्याचे आरोप झाले. 1888 मध्ये चौकशी बसली. साक्ष देणाऱ्या मामलेदारांना सरकारने अभय दिलं होतं. समितीने लाचेच्या आरोपातून क्रॉफर्डला सोडलं, हाताखालच्या लोकांकडून कर्ज घेतल्याबद्दल त्याची नोकरी गेली. आणि ज्यांनी अभयाच्या भरवशावर साक्ष दिली त्या मामलेदारांवरच बालंट आलं. त्यांच्या बाजूने टिळक उभे राहिले. सरकारने दिलेला शब्द पाळावा, एवढंच त्यांचं मागणं. टिळकांच्या सार्वजनिक आयुष्यातल्या सुरुवातीच्या मोठ्या लढ्यांपैकी हा एक.

आता नकाशा बघा. मंडई ज्या चौकात आहे तिथला एक रस्ता दादाभाई नौरोजींच्या नावाचा, दुसरा लोकमान्य टिळकांच्या. आणि मंडईवर नाव महात्मा जोतिबा फुल्यांचं. क्रॉफर्ड फक्त लोकांच्या बोलण्यात उरला.

शुक्रवार_पेठ

काळाघोडा, फुल्यांचं नाव आलं म्हणून पुण्यातून लिहितो. आमच्याही मंडईला त्यांचंच नाव आहे, आणि त्यामागे एक कथा आहे ती मुंबईकरांना बहुधा ठाऊक नसते.

पुण्याची मंडई 5 ऑक्टोबर 1886 ला उघडली, नाव गव्हर्नर लॉर्ड रे यांचं, म्हणून रे मार्केट. मधोमध अष्टकोनी मनोऱ्याची इमारत आणि तिच्यापासून फुटलेले पाखे. त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरत असे. फुले 1876 पासून काही वर्षं पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. मंडईवर एवढा पैसा घालण्याऐवजी तो शिक्षणावर घाला, असं म्हणत त्यांनी विरोध केला होता. आणि पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच मंडईला त्यांचं नाव दिलं गेलं.

काहींना यात विसंगती वाटते. मला वाटत नाही. फुले माळी समाजातले, घरचा फुलांचा आणि भाजीचा धंदा, स्वतः कंत्राटदारी केलेला माणूस. बाजार आणि बांधकाम दोन्ही त्यांना आतून माहीत. त्यांचं भांडण इमारतीशी नव्हतं, पैसा आधी कुणावर खर्च व्हावा याबद्दल होतं. शेतकरी कुठेकुठे नाडला जातो हे त्यांनी 1883 मध्ये सविस्तर लिहून ठेवलं. किपलिंगने दारावर शेतकरी कोरला, छानच केलं, पण त्या शेतकऱ्याच्या हातात काय पडतं हे विचारणारा माणूस फुले होता. दोन्ही मंडयांवर त्यांचं नाव असणं मला तरी अगदी रास्त वाटतं.

चाळकरी

इतिहास छान. पण बोरीबंदर, तुमच्या मूळ म्हणण्याशी मी सहमत नाही. बाजार वाचवा म्हणजे नक्की कुणाला वाचवा? जुन्या मंडयांत वर्षानुवर्षं नाममात्र भाड्यावर गाळे असतात. गाळा एकाच्या नावावर, बसतो दुसराच. माल पॅसेजमध्ये, कमानीत प्लास्टिकचे छप्पर, दगडाला ठोकलेले खिळे. इमारतीचं जे काही बिघडलंय त्यातलं निम्मं वापरणाऱ्यांनीच केलंय. पाख्यांतला काही भाग मोकळा करून तिथे चांगलं संग्रहालय, पुस्तकांचं दुकान, खाण्याची ठिकाणं केली तर देखभालीचा खर्च तरी निघेल. युरोपात जुन्या मंडयांचं असंच केलंय.

आमराई

चाळकरीदादा, माझ्या माहेरचा फळांचा गाळा आहे तिथे. म्हणून जरा सविस्तर लिहिते, राग मानू नका.

बोरीबंदर यांनी दुहेरी छत म्हणून एक शब्द लिहिला आणि पुढे गेले. आम्ही त्या छताखालीच वाढलो. वरच्या छताला ऊन लागतं, दोन्हींच्या मध्ये हवा खेळते, आणि गरम हवा उंच निघून जाते. एप्रिलच्या दुपारी बाहेर रस्ता भाजत असतो आणि आत गाळ्यावर बसवतं. हे माणसांसाठी आहेच, पण त्याहून फळासाठी आहे. हापूस बाहेरच्या तापलेल्या दुकानात दुपारभर ठेवून बघा, संध्याकाळी सुरकुतलेला असतो.

दुसरं, उजेड. तिथे उजेड वरून येतो, पसरून येतो, फळावर चमक पाडत नाही. हापूस घेताना बघायचं काय? रंग सगळ्यात शेवटी. आधी देठ. देठाभोवतीचे खांदे वर आलेले आणि देठ खळग्यात गेलेला असला म्हणजे फळ झाडावर पूर्ण भरलेलं. मग वास, तोही देठाशी. मग साल, अंगठा न दाबता, नुसती तळहातावर घेऊन. आणि मग रंग. पिवळट हिरवा, केशरी, कुठे उन्हाचा लाल डाग, कुठे आतून साका झाल्याची (गर बिघडल्याची) शंका यावी असा निबर भाग, हे सगळं त्या उजेडात कळतं. पांढऱ्या ट्यूबलाइटखाली सगळे आंबे एकसारखे दिसतात. माझे काका अजून पेटी उघडली की फळ घेऊन दोन पावलं पुढे, छताच्या उजेडाखाली येतात.

पेटी कोकणातून येते ती कच्चीच. पेंढ्यात आढी घालायची, रोज वरखाली करायची, आज लागणारा, दोन दिवसांनी लागणारा, असे वेगळे काढायचे. त्याला थंड, कोरडी, वारा असलेली जागा लागते. आमच्या धंद्याला जी जागा लागते तीच त्या तरुण साहेबाने बांधून ठेवली आहे. तिथे तुम्ही कॅफे केलात की पहिल्या दिवशी काचा लावून वातानुकूलन बसवाल. मग ते छत कशासाठी होतं हे कुणाला कधी कळणारच नाही.

गाळेधारकांची चूक नाही असं मी म्हणत नाही. प्लास्टिकचं छप्पर आम्हीही टांगलेलं आहे, पाऊस आत येतो म्हणून. पण 1996 मध्ये घाऊक बाजार वाशीला गेला तेव्हा अर्धा धंदा एका झटक्यात गेला. रात्रीचे ट्रक बंद झाले, हमाल गेले, पाटीवाले कमी झाले. जे उरले ते किरकोळीवर तगले. कुणी परदेशी फळं ठेवायला लागलं, कुणी भेटीच्या टोपल्या, कुणी सुकामेवा. नाममात्र भाडं दिसतं, हे तगून राहणं दिसत नाही.

गिरगावची_गौरी

आमराईताई, देठाचं लिहून घेतलं! यंदा आंबे मी निवडणार, सासूबाई नाही.

सिंधुसागर

चाळकरी यांनी युरोपाचं उदाहरण दिलं, मी कराचीचं देतो. तिथलं एम्प्रेस मार्केट 1889 चं, तेव्हा कराची मुंबई इलाख्यातच होती. दगडी, मध्ये अंगण, वर घड्याळाचा मनोरा, आपल्या मंडईची धाकटी बहीण शोभेल अशी इमारत. नोव्हेंबर 2018 मध्ये अतिक्रमण हटवण्याच्या मोहिमेत इमारतीच्या आतली आणि भोवतीची शेकडो दुकानं काढली. बाहेरची खरोखरच इमारतीला चिकटून वाढली होती, दर्शनी भाग झाकला गेला होता. ती हटल्यावर इमारत मोकळी दिसायला लागली, फोटो सुंदर आले. पण आतले भाजीवाले, मसालेवाले, सुकामेवावाले पिढ्यान्‌पिढ्या तिथे होते. बाजार गेला आणि नुसती इमारत उरली. बाजार काढायला फार वेळ लागत नाही. परत आणणं जवळपास अशक्य.

बोरीबंदर

सिंधुसागर, आभार. मला जे म्हणायचं होतं ते तुमच्या उदाहरणात नेमकं आलं.

चाळकरी, तुमचा मुद्दा मी झटकून टाकत नाही. पोटभाडेकरू, खिळे, पॅसेजमधला माल, सगळं खरं. पण उपाय शिस्त हा आहे, हकालपट्टी हा नाही. नियम काय आहेत तेही बघू. मुंबईत वारसा नियमावली 1995 मध्ये आली, देशातली अशी पहिली. पहिल्या श्रेणीच्या इमारतीत अगदी अपरिहार्य असल्याशिवाय आतबाहेर बदल करता येत नाही, आणि केलाच तर वारसा समितीच्या परवानगीने. हे सगळं बांधकामाबद्दल आहे. उद्या दगडाचा टवका न उडवता प्रत्येक गाळ्यात कपड्यांचं शोरूम आलं तर नियमावली हाताची घडी घालून बघत राहील.

आणि धोका काल्पनिक नाही. 2000 नंतरच्या दशकात खासगी विकासकाकडून पुनर्विकासाचा प्रस्ताव आला होता. वारसा जपणाऱ्या संस्थांनी कडाडून विरोध केला, तो मागे पडला, आणि पुढे पालिकेने मुख्य इमारतीची डागडुजी स्वतः हाती घेतली. ते काम झालं याचा मला मनापासून आनंद आहे. कारंज्यावर रंगाचे थरावर थर चढले होते, किपलिंगने कोरलेले पक्षी त्याखाली ओळखू येत नव्हते. ती अवस्था ज्यांनी पाहिली त्यांना हे काम किती गरजेचं होतं ते कळेल.

अजून एक. 2018 मध्ये ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला 2004 मध्येच मिळाली होती. आपली मंडई त्या टर्मिनसपासून चालत काही मिनिटांवर, पण दोन्ही यादींबाहेर. त्यामुळे पर्यटकांचे जथे टर्मिनसचा फोटो काढून परततात. मला वाटतं ते एका अर्थी बरंच आहे. मंडईत अजून गिऱ्हाईक जास्त आणि बघे कमी.

चाळकरी

आमराईताईंचं छताचं वाचून विचारात पडलो हे खरं. कॅफेचा आग्रह सोडतो. पण देखभालीचा पैसा कुठून येणार, हा प्रश्न सोडत नाही. चुनेगच्ची यांनी लिहिलेलं छिन्नीचं काम स्वस्त नाही. गाळ्याचं भाडं वाजवी वाढवलं आणि ती वाढ फक्त त्याच इमारतीच्या दुरुस्तीला बांधून ठेवली, तर गाळेधारक मानतील?

आमराई

माझं मत, मानतील. पैसा छतावर आणि गटारावर लागताना दिसला तर नक्कीच. आमच्याकडे पावसाळ्यात जेवढी फळं खराब होतात त्याच्या किमतीपुढे थोडं जास्त भाडं काहीच नाही. स्वच्छतागृह चांगलं करा, हे पहिलं. बायका दिवसभर गाळ्यावर बसतात.

चुनेगच्ची

भाड्याबरोबर एक साधी यादी गाळेधारकांना द्यावी, मराठी, हिंदी, उर्दू, गुजरातीत. दगडात खिळा नाही, फळी टेकवायची तर लाकडी चौकटीवर. बिडाच्या खांबाला वेल्डिंग नाही. दगडावर तैलरंग नाही, दगडाचा श्वास कोंडतो. खांबाच्या पायाशी ओलं पोतं ठेवायचं नाही. एवढं पाळलं तरी मोठ्या दुरुस्तीची वेळ पुष्कळ पुढे जाईल. आणि पाट्या एका मापाच्या, कमानीच्या खाली.

शुक्रवार_पेठ

ही यादी तयार केलीत तर मला पाठवा. आमच्या मंडईतही वाटता येईल. गाळेवाले ओळखीचे आहेत, आणि गणपतीच्या वेळी सगळे एकत्र सापडतात.

आमराई

चुनेगच्चीदादा, तुम्ही मसुदा लिहा, मी काकांना दाखवते. आमच्या रांगेतल्या पाट्यांचं मी आत्ताच बोलून घेते. मार्च लागला की पेट्या यायला लागतात, मग जूनपर्यंत तिथे कुणाला मान वर करायला फुरसत नसते.